रब्बींच्या कोटाची कॉलर

यहुदी व्हायचंय म्हणून गेलेल्या शिवणमावशींना रब्बींनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, तीनदा परत पाठवलं होतं, आणि मावशींना त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. हेलपाटे घालायला लावणं हा तर त्यांच्याच धंद्याचा शिरस्ता. "उद्या या, काजं राहिलीत," असं तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलेली बाई. तिला कुणी "अजून विचार करा, पुढच्या महिन्यात या" म्हटलं तर ती कुठल्या तोंडाने रागावणार? चौथ्यांदा गेल्या तेव्हा रब्बींनी दार उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अजून हौस फिटली नाही?"

"प्रश्न संपले नाहीत," मावशी म्हणाल्या.

"मग आत या. आमचेही नाहीत संपले."

हे सगळं सुरू झालं ते एका पडद्यापासून. प्रार्थनाघरात धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळ्या ठेवायचं जे कपाट असतं, त्याच्यापुढच्या मखमली पडद्याची किनार उसवली होती. पडदा उतरवायला नको म्हणून मावशी तिथंच मागे स्टूल टाकून शिवत बसल्या. पुढे दहाबारा माणसं पुस्तकं उघडून एका शब्दावरून भांडत होती. पाऊण तास एकच शब्द! कुणी टेबलावर हात आपटत होतं, कुणी "अहो, तुम्हाला वाचता तरी येतं का" असं विचारत होतं. पण उठून कुणी गेलं नाही, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून चहा घेतला. मावशींची सुई हातातच राहिली. त्यांच्या माहेरी प्रश्न विचारणं म्हणजे उलट उत्तर देणं होतं, आणि सासरी सगळ्याची उत्तरं आधीच ठरलेली होती. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात त्या आणि थोरल्या नणंदबाई, एवढंच. असं मोकळेपणाने भांडायचं ठिकाण जगात असतं, हे त्यांना बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि मग चैन पडेना.

नणंदबाईंनी ऐकल्यावर हातातली भाजी निवडायची थांबवली. "पन्नाशी उलटल्यावर लोक गुडघे बदलून घेतात, वहिनी. तू देव बदलायला निघालीस."

"देव बदलत नाही हो, वन्सं. ते म्हणतात तो एकच आहे."

"एकच आहे ना? मग तिकडे जायचं कशाला? इथूनच हाक मार की."

मावशींनी तो प्रश्न वहीत लिहून ठेवला. वही मापांची होती. पुढून छाती, कंबर, बाही, आणि उलटी धरली की मागून धर्म.

मागच्या बाजूची पानं पुढच्यापेक्षा लवकर भरत चालली. दिवस संध्याकाळी सुरू होतो. म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवार लागला, आणि त्याला शब्बाथ म्हणायचं. दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी. चुकून दुधाचा चमचा मांसाच्या भांड्यात गेला तर काय, हे विचारलं तर रब्बी विचारत, "भांडं गरम होतं का? चमचा गरम होता का? शेवटचा कधी वापरला होता?" एका चमच्याची एवढी चौकशी! पोलिसही करत नाहीत.

शब्बाथला काम करायचं नाही, आणि काम म्हणजे काय याची यादी होती एकोणचाळिसांची. मावशींनी ती वहीत उतरवून घेतली आणि बोटाने मोजत गेल्या. लोकर कातरणं, पिंजणं, रंगवणं, सूत काढणं, विणणं, गाठ मारणं, सोडणं, शिवणं, फाडणं... एकोणचाळिसांतली तेरा त्यांच्याच धंद्यातली निघाली.

"यात 'दोन टाके घालणं' असं लिहिलंय," त्यांनी विचारलं. "म्हणजे एक टाका चालतो?"

"नाही, एकही घालायचा नाही."

"मग दोन का लिहिलंय?"

रब्बींचा चेहरा असा उजळला, जणू कुणी मिठाई पुढे केली असावी. त्यांनी तीन पुस्तकं काढली. तासाभराने मावशी घरी आल्या तेव्हा एक टाका का चालत नाही हे त्यांना तीन तऱ्हांनी ठाऊक झालं होतं, पण दोन का लिहिलंय ते नाहीच.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र वेगळीच होती. ज्याने अजून धर्म स्वीकारलेला नाही त्याने शब्बाथ पुरता पाळायचाच नाही, असा तिथला दंडक. तो त्यांचा आणि देवाचा खास करार, बाहेरच्याने त्यात सही करू नये. म्हणून रब्बींनी सांगितलं होतं, "सगळं पाळा, पण दर शब्बाथला एक काम मुद्दाम करा. छोटंसं चालेल. ज्या दिवशी आमच्यातल्या व्हाल त्या दिवसापासून तेही सोडा."

तेव्हापासून मावशी दर शनिवारी दुपारी खिडकीशी बसून एका जुन्या हातरुमालावर दोन टाके घालत. एरवी दिवसाला हजारो टाके घालणारा हात, पण हे दोन टाके घालताना जड व्हायचा. नेम मोडायचा, तोही नेमाने! नणंदबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं हे शास्त्र डोक्यात शिरायचं तर डोकंच उसवून घ्यावं लागेल." रुमालावर आता बेचाळीस टाके झाले होते. येत्या बुधवारी तिघा जाणत्यांपुढे बसायचं होतं. ते प्रश्न विचारणार, रब्बी शब्द टाकणार, आणि त्यांना पटलं तर स्नानकुंडात बुडी मारून मावशी त्यांच्यातल्या होणार होत्या. मग रुमालावर टाके नाहीत. बाकी कशाचं नसेल, पण एवढ्याचं मावशींना वेड लागलं होतं.

आणि त्या बुधवारच्या आधीच्या गुरुवारी, वर्गात, त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

विषय होता कपड्यांचा. रब्बी सहज म्हणाले, "आणखी एक. लोकर आणि लिनन एका कपड्यात एकत्र घालायचं नाही. मेंढीची लोकर, जवसाच्या झाडाचं लिनन. दोन्ही वेगवेगळी खुशाल घाला, पण एकत्र शिवलेली नकोत."

"का?" शेजारी बसलेल्या चष्मेवाल्यांनी विचारलं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. ते जन्माने यहुदी, तरी साठाव्या वर्षी पहिल्यापासून शिकायला बसले होते, आणि 'का' शिवाय त्यांच्या तोंडून दुसरा शब्द क्वचित निघे.

"कारण दिलेलं नाही."

"वाईट आहे म्हणून?"

"तसंही नाही. पूर्वीच्या मुख्य पुरोहितांच्या पट्ट्यात दोन्ही एकत्रच विणलेली होती."

"म्हणजे वाईट की पवित्र?"

"लिहून घ्या," रब्बी म्हणाले. "प्रश्न चांगला आहे."

मावशींनी काही लिहून घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे एक काळा कोट उभा राहिला होता.

महिन्यापूर्वी रब्बींच्या बायकोने, जिला सगळे काकू म्हणत, तो कोट दुकानात आणून दिला होता. रब्बींचा शब्बाथचा, एकुलता एक. अस्सल लोकरीचा, पण कॉलर मेल्यासारखी पडलेली. "आत काय ते नवं घाल गं बाई, साधंसं," काकू म्हणाल्या होत्या. साधंसं! ज्या माणसाने आपल्याला शिकवलं त्याच्या कोटात साधंसं घालायचं? मावशींनी कपाटाच्या तळातून जपून ठेवलेला कॅनव्हास काढला. असा हल्ली मिळत नाही. गिऱ्हाइकांच्या कॉलरीत त्या आजकालची ती चिकटवायची पट्टी घालत आणि गप्प बसत. हा मात्र कडक, दाणेदार, शंभर नंबरी लिनन. हाताने तीनशे टाके घालून, वाफ देऊन त्यांनी ती कॉलर अशी बसवली की कोट खुंटीवरही मान ताठ करून उभा राहायचा. मजुरी घेतली नाही. रब्बींनी तो चार शब्बाथ घातला होता.

मावशींनी हात वर केला. "समजा, एखाद्याच्या अंगावर असा कपडा आहे आणि त्याला माहीत नाही. पण दुसऱ्याला माहीत आहे. तर?"

"वा!" रब्बी खूश झाले. "एका ग्रंथात म्हटलंय, भर बाजारात असला तरी धावत जाऊन अंगावरून फाडून काढा. आपला गुरू असला तरीसुद्धा."

"आणि दुसऱ्यात?" चष्मेवाल्यांनी विचारलं. दुसरा असणारच हे त्यांना आता ठाऊक झालं होतं.

"दुसरे म्हणतात, त्याला माहीत नाही ना? मग चारचौघांत गप्प बसा. माणसाची लाज मोठी."

"मग सांगायचं की नाही?" मावशी.

"वाद चालू आहे."

"कधीपासून?"

"होतील चारएकशे वर्षं."

मला शनिवारच्या आत हवंय हो, असं मावशींच्या अगदी ओठावर आलं होतं. पण वर्गात दहा माणसं होती, आणि बुधवार सहा दिवसांवर. ज्या बाईने रब्बींनाच महिनाभर निषिद्ध कपडा घालून फिरवलं, तिच्यासाठी रब्बी कुठला शब्द टाकणार? वही मिटून त्या घरी आल्या.

"चेहरा का असा? नापास झालीस?" नणंदबाईंनी विचारलं. मावशींनी सगळं सांगितलं.

"मग त्यात काय! गप्प बस. कॉलरीच्या आत कोण डोकावतंय?"

"देव."

"त्याला चार आठवडे दिसतंय ना? तो काही बोललाय का?"

हेही खरंच होतं. वन्संचं सगळंच खरं असायचं, आणि तरी त्यावर झोप लागायची नाही.

शुक्रवारी सांगून टाकायचं असं ठरवलं, तर नेमका दुकानात लग्नघरचा गोतावळा आला. सहा ब्लाउज, प्रत्येकीची कंबर मापापेक्षा वाढलेली आणि प्रत्येकीचं म्हणणं की माप चुकलंय. मावशी धावतपळत रब्बींच्या घरापाशी पोचल्या तेव्हा खिडकीत दोन मेणबत्त्या लागल्या होत्या. शब्बाथ लागला. बोट घंटीच्या बटणाशी नेऊन त्या थांबल्या. घंटी विजेची, आणि शब्बाथला वीज वापरायची नाही. त्यांनी ती वाजवायची नाही, हे ठीक. पण मी अजून त्यांच्यातली नाही, मग मी वाजवली तर चालेल? पण आतली माणसं ऐकतील ती वीजच ना? की ऐकणं वेगळं? दारावर हाताने ठोकलं तर? आणि ठोकून सांगायचं काय, की कोट काढा, तोही जेवायच्या वेळी? आतून गाण्याचा आवाज येत होता. मावशी दहा मिनिटं बोट वर करून उभ्या राहिल्या, मग ते बोट पदरात गुंडाळून परत फिरल्या.

शनिवारी सकाळी त्या निघाल्या, तेव्हा पर्समध्ये टाके उसवायची छोटी कात्री होती. ती त्यांनी मुद्दाम घेतली की सवयीने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रार्थनाघरात बायकांची जागा वर, सज्जात होती. कठड्यावरून खाली रब्बी दिसत होते. अंगावर तो काळा कोट, त्यावर पांढरी प्रार्थनेची शाल. शाल खांद्यावर सरकली की कॉलर दिसायची. आणि काय सांगावं, इतक्या धास्तीतही मावशींच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कशी बसलीय! एक सुरकुती नाही. तीस वर्षांत अशी कॉलर झाली नव्हती. मग लगेच त्यांची त्यांनाच लाज वाटली. पुस्तक उघडं होतं, पण कुठलं पान चाललंय ते कळेना. शेजारच्या काकूंनी दोनदा बोट ठेवून दाखवलं, तिसऱ्यांदा नाद सोडला.

प्रार्थना संपली. सगळे खालच्या खोलीत पावासाठी आणि द्राक्षरसासाठी जमले. रब्बी हसत कुणाशी बोलत होते. मावशी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"कोट काढा," त्या म्हणाल्या.

खोलीतली सगळी माणसं वळली.

"आत लिनन आहे. कॉलरमध्ये. मी घातलं. चांगलं म्हणून घातलं. मला माहीत नव्हतं, गुरुवारी कळलं." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी पर्समधून कात्री काढली. "दोन मिनिटांचं काम आहे. इथल्या इथे काढून देते."

"बाई," रब्बी हळूच म्हणाले, "आज?"

तेव्हा मावशींच्या लक्षात आलं. उसवणं म्हणजे फाडणंच! एकोणचाळिसांतलं, त्यांच्या तेरांतलं. एक नेम सांगतो काढ, दुसरा सांगतो आज काढू नको. कात्री हवेतच राहिली. पण मग त्यांना आणखी काही सुचलं, आणि त्या घाईने म्हणाल्या, "पण मला चालतं! माझं आजचं एक काम राहिलंय. दोन टाके अजून घातले नाहीत मी. त्याच्याऐवजी हे करते. मी... मी काही अजून तुमच्यातली नाही ना."

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं तेव्हा त्यांना कळलं. वर्षभर जे खोटं ठरावं म्हणून धडपडल्या, तेच भर सभेत पुरावा म्हणून मांडून बसल्या होत्या.

"मुद्दा बरोबर आहे," चष्मेवाले म्हणाले. "त्यांना चालतं."

"त्यांना चालतं, पण कोट कुणाचा आहे?" कुणीतरी मागून म्हणालं. "बाहेरच्याने आपल्यासाठी केलेल्या कामाचा फायदा शब्बाथला घेता येत नाही."

"पण आपण सांगितलंय कुठे? त्या आपणहून करतायत."

"आपणहून, पण आपल्यासाठी!"

"त्या स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी करतायत. कोट निमित्त!"

"अहो, तुम्ही तर घंटी वाजवायलासुद्धा शेजाऱ्याला बोलावाल!"

झालं. पाव तसाच राहिला आणि खोलीभर वाद पेटला. मावशी मध्ये कात्री धरून उभ्या. एरवी त्यांना हे ऐकायला आवडलं असतं, पण आज दोन्ही बाजू ऐकताना आपण नेमक्या कुठे उभ्या आहोत तेच कळेना. शेवटी चष्मेवाले ओरडले, "सगळं एकाच गोष्टीवर येतं! बाई बाहेरच्या आहेत की नाहीत?"

सगळ्यांनी रब्बींकडे बघितलं.

रब्बींनी शाल उतरवून घडी घातली. मग कोटाची बटणं सोडली, एक एक, आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. आतला सदरा कोपरावर विरलेला होता, हे मावशींच्या नजरेने अशा वेळीसुद्धा टिपलं.

"कोट इथेच राहील," ते म्हणाले. "कात्री ठेवून द्या, बाई. तुमच्या हातून हे काम मी आज करवून घेणार नाही."

बस्स, एवढंच. मग त्यांनी पाव हातात घेतला.

बाहेर बोचरी थंडी होती. कोट न घालता हातात धरून रस्त्याने न्यायचा नाही, असाही नियम होता, आणि रब्बींचं घर वीस मिनिटांच्या वाटेवर. काकूंनी स्वतःची जांभळी, मोठ्या फुलांची शाल काढून नवऱ्याच्या अंगावर टाकली आणि आपण शेजारणीचा स्वेटर घातला. रब्बी ती फुलं पांघरून भर रस्त्याने गेले, तेव्हा बसच्या थांब्यावरची माणसं वळून वळून बघत होती. मावशी लांबून मागे चालत होत्या. पुस्तकातली लाज ती हीच, एवढं एक मात्र त्यांना कळलं.

घरी आल्यावर त्यांनी रुमाल काढला, सुईत दोरा ओवला आणि तशाच बसून राहिल्या.

"घाल की दोन टाके," नणंदबाई म्हणाल्या. "का आज सुटी?"

"ते म्हणाले, तुमच्या हातून करवून घेणार नाही."

"म्हणजे हाकललं?"

"तसं नाही वाटलं."

"मग घेतलं?"

"तसंही नाही म्हणाले."

"वहिनी, ती माणसं कधी 'हो' किंवा 'नाही' असलं काही बोलतात का गं?"

मावशींनी शेवटी एक टाका घातला. दुसरा घालावा की नाही हे ठरेना, म्हणून सुई तशीच रुमालात खोचून ठेवली.

रविवारी सकाळी दुकान उघडलं तर दारात रब्बी, हातावर कोट. मावशींनी तो टेबलावर उलटा घातला आणि कॉलरची शिवण उसवायला घेतली. तीनशे टाके. गिऱ्हाइकांचं काम सांभाळून घालताना दोन दिवस लागले होते, निघायला पाऊण तासही लागला नाही. लिननचा तुकडा बाहेर आला तेव्हा त्याला रब्बींच्या मानेचा बाक पडलेला होता. त्या जागी सुती कापडाचे दोन थर घातले. सुताला बंदी नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

रब्बी आरशापुढे उभे राहिले. कॉलर बरी होती, पण डाव्या बाजूला किंचित पडत होती.

"पहिल्यासारखी नाही," ते म्हणाले.

"नाही," मावशी म्हणाल्या. मग धीर करून विचारलं, "मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं, की गुरुवारीच सांगायला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काहीच नक्की वाटत नाही. वर्षभर शिकले, आणि आले त्या दिवसापेक्षा आता कमी कळतंय."

"हं," रब्बी म्हणाले आणि कॉलरला हात लावून बघितला. "बुधवारी तिघांपुढे हेच सांगा. अगदी याच शब्दांत. त्यातला एक माझा मामेभाऊ आहे, तो अडवून विचारेल. त्याचा कोट मी आधी तुमच्याकडे तपासायला पाठवतो. चष्मेवालेही आणतायत, आणि बाकीचे आठदहा जण. आत काय आहे हे तुम्हीच सांगायचं, आमच्यात कुणाला कळत नाही." दाराशी जाऊन ते थांबले. "आणि येत्या शब्बाथच्या त्या दोन टाक्यांचं..."

"हो?"

"बुधवारनंतर बोलू."

ते गेल्यावर मावशी लिननचा तो वाकलेला तुकडा हातात घेऊन किती तरी वेळ बसल्या. टाकावा की ठेवावा? एकटा असला तर त्यात काही वाईट नाही, एवढं त्यांना आठवत होतं. तोवर दारात चष्मेवाले तीन कोट घेऊन आले. त्यांच्या मागे कुणी तरी चौथा घेऊन उभं होतं, आणि दोघांचं आधीच कशावरून तरी जुंपलं होतं.

मावशींनी तुकडा मापांच्या वहीत ठेवला. कुठल्या बाजूला ठेवायचा हे कळेना, तेव्हा मधोमध ठेवून वही मिटली आणि पहिला कोट हातात घेतला.